सहकुटुंब सहपरिवार म्हणजे नक्की किती जण?

धाकट्या बहिणीचं लग्न 18 दिवसांवर आलंय आणि काल रात्री साडेअकराला आम्ही हॉलमध्ये फरशीवर तीन याद्या पसरून बसलो होतो. एक बाबांची डायरी, एक 2014 ला माझ्या लग्नात आलेल्या आहेराची वही (आई ती वही सातबारा असल्यासारखी जपते) आणि एक माझं एक्सेल. तिन्हीचा मेळ बसेना. फक्त आपल्याकडचे, म्हणजे मुलीकडचे, बाबांचे 410, आईचे 520 आणि माझे 365. आणि सकाळपासून केटररचे दोन मिस कॉल, ताई पानांचा आकडा द्या.

बाकीची कामं होतायत हो. ब्लाउजवाला तिसऱ्यांदा शुक्रवार म्हणालाय, तुळशीबागेतून मुंडावळ्या आणल्या त्या नवरीला आवडल्या नाहीत म्हणून परत जायचंय, गुरुजींची यादी आलीये ज्यात सुपाऱ्या इतक्या आहेत की लग्न आहे का किराणा भरायचाय कळेना. विवाह नोंदणीचा फॉर्मही आत्ताच प्रिंट करून ठेवलाय, कारण त्यावर गुरुजींची सही लागते आणि तीन साक्षीदारांच्या पण, आणि माझ्या वेळी गुरुजी दुसऱ्या कार्यालयात पळाले ते सहीसाठी नंतर महिनाभर सापडले नव्हते. हे सगळं धावपळ करून होतं. आकडा नाही होत. आकड्यासाठी समोरच्यानी बोलावं लागतं आणि आपल्यात तेच कुणी बोलत नाही.

पत्रिकेत आपण काय छापतो? सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहावे. आता सहकुटुंब म्हणजे नवराबायको आणि पोरं हे समजलं, मग सहपरिवार कोण? आणि समोरून उत्तर काय येतं, तर व्हॉट्सॲपवर दोन जोडलेले हात. ते हात म्हणजे येतो, का अभिनंदन, का जमणार नाही पण शुभेच्छा, कळायला मार्ग नाही. मी 140 लोकांना पीडीएफ पाठवली, त्यातल्या 96 जणांनी हात जोडले. आठ जणांनी "नक्की येणार" लिहिलं. किती जण ते त्यांनी पण नाही लिहिलं.

मग मी म्हणलं सरळ विचारू. फोन करायचा, काकू किती जण येताय? तर आईनी कपाळाला हात लावला. "असं विचारतात का कुणी? जेवायला घालायचं जिवावर आलंय म्हणतील." तरी मी एका लांबच्या मामांना विचारलंच. ते म्हणाले, "का गं, जड झालो का आम्ही?" आता ते रुसलेत आणि बाबांना त्यांच्या घरी स्वतः जाऊन अक्षत द्यावी लागणार आहे. एका आकड्यापायी अर्धा दिवस आणि कराडपर्यंतचं पेट्रोल!

पण गंमत अशी की त्या अक्षत द्यायला जाण्यातच सगळं उत्तर होतं असं मला आता वाटायला लागलंय. पूर्वी आजोबा घरोघर जायचे, चहा व्हायचा, आणि चहात न विचारता सगळं कळायचं. थोरल्याची परीक्षा आहे, आईचे गुडघे धरलेत, त्या दिवशी आमच्याकडे पण साखरपुडा आहे, मी एकटाच येईन. विचारायची वेळच यायची नाही. आणि शिवाय तेव्हा पंगत होती. आचारी कार्यालयातच रांधायचा, दुसरी पंगत किती भरतीये बघून भात चढवायचा, माणसं वाढली तर वरणात पाणी वाढायचं. आता भेटणं पण गेलं आणि पंगत पण गेली, त्याजागी आलं पानाचं कॉन्ट्रॅक्ट. सात दिवस आधी आकडा द्यायचा, त्याहून कमी आले तरी पैसे तेवढेच, वर 10 टक्के तो सांभाळून घेतो. म्हणजे जेवणाची पद्धत पूर्ण बदलली आणि लाज मात्र तीच जुनी राहिली, किती जण विचारायची.

आणि या लाजेची किंमत असते. आमच्याकडे पान 340 रुपये आहे. माझ्या आणि आईच्या आकड्यात 155 पानांचा फरक आहे, म्हणजे 52,700 रुपये. निवृत्त शिक्षकाच्या घरात हा काही छोटा आकडा नाही.

तरी सगळे वरचाच आकडा का धरतात ते पण मला माहितीये. माझ्या लग्नाला मोठी तिथ होती, त्या दिवशी गावात आणखी तीन लग्नं, लोकांनी घरातली माणसं वाटून घेतली, बाप इकडे तर मुलगा तिकडे. 600 पानं सांगितली होती आणि साडेचारशेच्या आत जेवले. उरलेला मसालेभात नि जिलबी दोन वसतिगृहांत पोचवली. आज त्याबद्दल एक माणूस बोलत नाही. पण चुलत भावाच्या लग्नात जिलबी संपली होती, त्याला आता आठ वर्षं झाली, आणि अजून आमच्या घरात कुठलंही कार्य निघालं की कुणीतरी म्हणतंच, जिलबीचं बघा हां. उरलं तर फक्त बिल येतं, कमी पडलं तर नाव जातं. मग बाप बिलच पत्करणार ना?

बरं मोजणार पण कशी. बुफेला ताटं मोजतात. एकानी दुसऱ्यांदा वाढून घेताना नवीन ताट उचललं की दोन माणसं, लहान पोरांनी ताट घेऊन दोन घास खाऊन ठेवलं की एक माणूस. माझ्या लग्नात एका भावाला खास ताटांपाशी उभा केला होता, तो मंगलाष्टका सुरू झाल्यावर अक्षता टाकायला आला आणि तेवढ्यात हिशोब 40 नी चुकला.

2021 च्या एप्रिलमध्ये नियम आला होता आठवतंय? लग्नाला फक्त 25 माणसं, दोन तासांत उरका, मोडला तर 50 हजार दंड. त्याच काळात मामेबहिणीचं लग्न झालं. सख्ख्या काकूला बोलावलं नव्हतं, तरी एक माणूस रुसला नाही, कारण नाव सरकारचं होतं. तेव्हा आकडा चालला, आता मीच प्रेमानी विचारलं की अपमान होतो!

मुलाकडच्यांचा तर आम्ही विषयच काढत नव्हतो. बाबा म्हणाले त्यांना विचारणं बरं दिसत नाही, दोनशे धरा. आणि परवा मुलाच्या आईचाच फोन आला. "आमचे 164, घरनिहाय यादी पाठवते, त्यात सहा लहान आहेत आणि दोघं बिनकांदालसूणवाले." बाबा फोन ठेवून बराच वेळ गप्प बसले. नंतर कळलं दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचं लग्न झालंय.

त्यानंतर बाबांनी हिंमत करून त्यांच्या शाळेतल्या जुन्या मित्राला फोन लावला, घसा खाकरून विचारलं, किती जण येताय रे? पलीकडून आवाज आला, चार, आणि मला शुगर आहे, जिलबी लांब ठेवा. संपलं. अर्धा मिनिट. बाबांनी डायरीत 4 लिहून त्याला गोल केला आणि लगेच पुढचा नंबर लावायला घेतला. रात्री दहापर्यंत 31 घरं झाली.

केटररला रविवारपर्यंत थांबवलाय. राहिलेल्यांनो, कमेंटमध्ये नको, मला मेसेज करा, नुसता आकडा, कारण नका सांगू. शून्य असेल तरी चालेल, खरंच राग नाही. आणि आत्या, तू माझी प्रत्येक पोस्ट वाचतेस आणि लाइक करत नाहीस हे मला माहितीये. तुझे मी अकरा धरलेत. कमी असतील तर आज सांग.