वहिनींची सीट निघाली कशी

१६ जानेवारी २०२६ला ठाणे महापालिकेच्या निवडणुकीचा निकाल लागला आणि आमच्या वहिनी नगरसेविका झाल्या. तेव्हापासून नाक्यावर, लग्नात, सलूनच्या खुर्चीत बसलो तरी तोच प्रश्न. "वहिनींची सीट निघाली कशी हो?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच तयार असतं, पैसा नाहीतर हवा. पैसा आमच्याकडे नव्हता. हवा होती, नाही कशाला म्हणू. पण हवा प्रभागातल्या आमच्या पॅनेलमधल्या चारही उमेदवारांना सारखीच लागते, आणि आमच्यातला एक जण पडला. त्यामुळे एकदाच सविस्तर लिहून टाकतो. पक्षाचं नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलेलं आहे.

आधी कबुली. मी परंपरावादी माणूस आहे. 'सनातनी' म्हटलं की शिवी वाटते, 'पुराणमतवादी' म्हटलं की धोतरातले आजोबा दिसतात आणि 'उजवा' म्हटलं की टीव्हीवरची भांडणं आठवतात. माझ्यापुरता अर्थ साधा आहे. चांगलं चाललंय ते मोडू नये, दुसऱ्याच्या पैशाने दानशूर होऊ नये, शेजाऱ्याला नावानिशी ओळखावं. हे वडिलांकडून आलं. ते जनसंघाच्या पणती या निशाणीवाले. १९७७ साली रामभाऊ म्हाळगी ठाण्यातून लोकसभेला उभे होते तेव्हा वडील सायकलवरून चिठ्ठ्या वाटत हिंडले होते. म्हाळगी आपल्या कामाचा अहवाल छापून मतदारांपुढे ठेवायचे, याचं वडिलांना भारी कौतुक. "भाषण हवेत जातं रे, छापलेलं अंगाशी येतं," असं म्हणायचे.

आता मुद्दा. ठाण्यात 'आम्ही हिंदुत्ववादी' एवढ्यावर नगरसेवक होता येत नाही, कारण समोरचाही तेच म्हणत असतो. शिवसेनेला पहिली सत्ता याच गावाने दिली, १९६७ साली, नगरपालिकेत. महापालिकेची पहिली निवडणूक १९८६ची, पहिले महापौर सतीश प्रधान. २०१७ला शिवसेना आणि भाजप एकमेकांविरुद्ध लढले, तरी १३१ पैकी ६७ आणि २३ मिळून ९० जागा या दोघांच्याच. मग आमच्या गल्लीत येऊन कोणी भगवं उपरणं झटकलं म्हणून कोण हुरळणार? इथे मतदार विचारतो, तू आमचा आहेस हे ठीक, पण आमच्यासाठी आहेस का? आणि त्याचं उत्तर देण्यासाठी व्यासपीठ कामाचं नाही. मतदारयादी कामाची.

यादीचं सांगतो. प्रारूप यादी आली त्या रात्री वहिनींच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही सहा जण बसलो. विधानसभेची यादी फोडून प्रभागाची करतात, त्यात अर्धी गल्ली इकडे आणि अर्धी शेजारच्या प्रभागात असले घोळ होतात. ते हरकती घेऊन मार्गी लावले. पण खरं काम पुढचं. वहिनींच्या सासूबाई, वय ८४, पेन्सिल घेऊन बसल्या. "हे गेले. या अजून आहेत, पण मुलाकडे घोडबंदरला. ही लग्न होऊन डोंबिवलीला, नाव अजून माहेरच्या पत्त्यावर. आणि हा? हा कधीच कुणाला मत देत नाही, पण बायको देते." तीन रात्री हेच चाललं होतं. आमच्या आयटीतल्या पोराने ॲप आणलं होतं, त्यात सगळ्यांचे मोबाईल नंबर. म्हातारीच्या पेन्सिलीपुढे ॲप बाद! ॲपला कोणाचा कोणाशी अबोला आहे हे कुठे ठाऊक असतं? कोणाच्या दारात कोणाला सोबत न्यायचं नाही, हे आम्हाला त्या टेबलावर समजलं, आणि माझं मत विचाराल तर जागा तिथेच निघाली.

दुसरी गोष्ट चार मतांची. अ, ब, क, ड अशा चार जागा, चार वेगळ्या रंगांच्या मतपत्रिका, आणि चौथं बटण दाबेपर्यंत मत पुरं होत नाही. वाचायला सोपं वाटतं. पण लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एका आजींनी मला विचारलं, "मला तुमची बाई आवडली, बाकीच्या तिघांशी माझा काय संबंध?" त्यांचं म्हणणं मला पटलंही. तरी मी बुटांच्या खोक्याला पांढरा, गुलाबी, पिवळा, निळा कागद चिकटवून, वर शर्टाची बटणं शिवून यंत्र बनवलं होतं, ते त्यांच्या मांडीवर ठेवलं. आजींनी चारदा दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "आवाज नाही येत." मग मीच तोंडाने 'बीप' केलं. असं १० दिवस बीप करत हिंडलो. चिन्हवाटप ३ जानेवारीला, प्रचार संपला १३ला. हातात दिवस होते तेवढेच.

पॅनेलमधला जो पडला त्याचं या काळात काय चाललं होतं? डीजे. ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर, पुढे पोरं नाचतायत, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रात्री साडेनऊला झोपणारी माणसं. आमच्या प्रभागात निम्मे मतदार रक्तदाबाची गोळी घेतात! मी त्याला म्हटलं, अरे, पाडव्याच्या शोभायात्रेत लेझीम-ढोल चालतात कारण ती सकाळची वेळ आणि वर्षातून एकदा. तो म्हणाला, "काका, तुमचा जमाना गेला." असेल गेलेला. पण ज्यांच्या झोपेचं खोबरं झालं त्यांचा मतदानाचा हक्क कुठे गेला होता?

हळदीकुंकवाचाही किस्सा आहे. संक्रांत १४ जानेवारीला, मतदान १५ला. महिला आघाडीचा आग्रह, आठवडाभर आधीच हळदीकुंकू घ्या, वाण चांगलं द्या, समोरच्यांनी स्टीलचे डबे आणलेत. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "संक्रांत यायच्या आधी वाण कसलं लुटायचं?" खोली गप्प. आचारसंहितेत वाण म्हणजे आमिष, हे मी सांगून सांगून थकलो होतो, कोणी ऐकत नव्हतं. रीत सांगितल्यावर मात्र सगळ्यांनी ऐकलं. (निकालानंतर रथसप्तमीच्या आत त्यांनी घरी रीतसर केलं, स्वतःच्या पैशाने. पडलेल्या बाईही आल्या होत्या.)

आश्वासनांवरून आमचं घरातच भांडण झालं. कर माफ करू, हे सगळेच छापतात. वहिनी ३२ वर्षं बँकेत होत्या, त्यांचा हात चालेना. "कर माफ केला तर गटाराचे पैसे कोण देणार, मी?" शेवटी पत्रकावर पाच ओळी उतरल्या. कुठलं चेंबर, कुठला पदपथ, कुठलं झाड, असं नावगाव घालून. पुनर्विकासाच्या रांगेत असलेल्या इमारतींबद्दल एवढंच लिहिलं की कागद वाचायला मी बसेन, बिल्डर मी आणणार नाही. या एका वाक्यावर लोक थांबून बोलले. पत्रक इतकं रिकामं दिसत होतं की छापणाऱ्याने विचारलं, "मागची बाजू राहिली का?"

आणि एक टोचणारी गोष्ट, जी माझ्या विचारांच्या मित्रांना आवडणार नाही. ही जागा महिला राखीव होती. ५० टक्के आरक्षण आलं तेव्हा मी याच भिंतीवर त्याच्याविरुद्ध लांबलचक लिहिलं होतं, शोधलंत तर सापडेल. आरक्षण नसतं तर आमच्या लोकांनी वहिनींच्या यजमानांना उभं केलं असतं, आणि सज्जन असूनही ते पडले असते, कारण त्यांना जिना चढून कोणाशी बोलायचा कंटाळा. यजमानांचा फोटो बॅनरवर घ्यावा असा वरून निरोप आला होता. वहिनी म्हणाल्या, "ते घरी चहा करतील, तेवढं बास आहे." खरोखरच केला. मतदानाच्या दिवशी सकाळी साडेसातपासून मतदान केंद्राबाहेरच्या आमच्या टेबलवरच्या पोरांना थर्मास तेच पोचवत होते. तेव्हा त्या पोस्टवरून मला कोणी टोमणा मारला तर निमूट खाईन.

चुका आमच्याही झाल्या. एक चौकसभा रिकामी गेली. व्हॉट्सॲपवर आमच्याच एका कार्यकर्त्याने दुसऱ्या धर्माबद्दल गलिच्छ फॉरवर्ड टाकला. वहिनी त्याला घेऊन प्रभागातल्या मुस्लिम बेकरीवाल्याच्या दुकानात गेल्या आणि माफी मागायला लावली. मला त्या दिवशी वाटलं, मतं गेली आता. किती गेली, किती आली, कोण मोजणार?

पत्रकावरच्या पाचातली दोन कामं झाली आहेत. चेंबरचं झाकण अजून बसलेलं नाही. त्याच्यासमोर राहणारे काका आधी वहिनींना फोन करायचे, आता सकाळी सातला मला करतात.