फक्त रिपोर्ट दाखवायचाय

काल सांगलीत विश्रामबागेत डॉक्टरांची साडेदहाची वेळ मिळाली होती. आत गेलो पावणेएकला. मधले सव्वादोन तास बरेचसे ‘फक्त रिपोर्ट दाखवायचाय’ म्हणत माझ्या आधी घुसलेल्या एका काकांनी खाल्ले.

काकांच्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी, तिच्यात लेकीच्या बाळंतपणापासूनचे कागद. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

“किती दिवस त्रास आहे?”
“गणपती झाल्यापासनं असंल की ओ.”
कुठल्या सालचा गणपती, कुणी विचारलं नाही.
“गोळी कोणती चालू आहे?”
“ती पांढरी ओ. बारकी.”

मेडिकलच्या फडताळातल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या आणि बारक्याच असतात! सुट्या गोळ्या घेतल्या की दुकानदार पट्टी कापतो आणि नाव नेमकं त्याच्याकडच्या तुकड्यावर राहतं. म्हणून कापायच्या आधी अख्ख्या पट्टीचा फोटो काढावा, मिलिग्रॅम दिसतील असा. नाहीतर एकच औषध दोन कंपन्यांच्या नावानं पोटात जातं.

मग साखर. उपाशीपोटीची साखर म्हणजे आधीचे आठ ते बारा तास पाण्याशिवाय काही नाही. काकांनी ‘नुस्ता च्या’ घेतला होता. जेवणानंतरची पहिल्या घासापासून दोन तासांनी द्यायची. काका जेवून झोपले आणि चारला उठून रक्त देऊन आले. दोन्ही आकडे वाया. पुन्हा तपासा, पुन्हा पैसे, आणि पुन्हा ‘फक्त रिपोर्ट दाखवायचाय’. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसीला उपाशी राहावं लागत नाही, पण ते कुणी सांगितलं तर ना.

शेवटी काका उठले. मी पण उठलो. दार अर्धं उघडून काका मागं वळले, “आन् ते जिना चढताना छातीत जरा धरल्यागत होतंय बघा.”

“बसा,” डॉक्टर म्हणाले. मी पण बसलो. ईसीजी निघाला.

हे पहिल्या वाक्यात आलं असतं, तर माझा नंबर मीच दिला असता. पण आपल्याकडं गुडघा, गॅस, झोप असं सगळं आधी येतं आणि खरं दुखणं उंबऱ्यावर.

माझा नंबर लागला. रक्तदाब मोजायच्या आधी पाच मिनिटं गप्प बसायचं असतं: पाठ टेकलेली, पाय जमिनीला, हात छातीच्या उंचीला, लघवी करून आलेलं, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही. इथं टेकायच्या आत पट्टा आवळला. दीडशेवर चौऱ्याण्णव. यातले निदान वीस तरी काकांचे होते, पण ते कागदावर कुठं लिहितात! पुन्हा मोजा म्हटलं, तर “सात दिवस घरी मोजून आणा, सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा.” चिठ्ठीवर तीन प्रश्न लिहून नेले होते, पहिला विचारेपर्यंत बेल वाजली. चार मिनिटं. फी पूर्ण.

खाली मेडिकलसमोर काका उभे होते. उद्या मिरजेला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला जायचंय म्हणाले. माझ्या हातातल्या एकुलत्या कागदाकडं बघत पुढं म्हणाले, “तुमचं लगेच झालं की ओ!”