एक पिंग चुकला म्हणून लाइन बदलायची नसते

‘इंटरनेट कधीच बंद पडणार नाही’ असा एक मेसेज सध्या सांगली-मिरजेतल्या व्यापाऱ्यांच्या ग्रूपवर फिरतोय. तो आमच्या दाजींकडं पोचला. मार्केट यार्डात त्यांचं हळदीचं अडत दुकान आहे. त्यांनी कुणाकडनं तरी मेसेजात लिहिलंय तसंच्या तसं सेटिंग करून घेतलं. ऐन सौद्याच्या दिवशी रस्ता खोदताना फायबर तुटली, आणि दुसरी लाइन चालू असूनही त्यांचं काम ठप्प झालं. पट्ट्या निघेनात, बँकेचं पोर्टल पासवर्ड टाकला की बाहेर काढायचं. शेतकरी पैशासाठी ताटकळत बसलेले. म्हणून हे लिहितोय. नेटवर्कचं काम हाच माझा धंदा आहे, आणि हा मेसेज पुढं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मेसेज सांगतो ते असं: दोन कंपन्यांच्या लाइन घ्या. राउटरला दर सेकंदाला ८.८.८.८ ला (हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता) पिंग करायला लावा, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारायला लावा. एक जरी उत्तर चुकलं तरी लगेच दुसऱ्या लाइनवर जा, पहिली आली की लगेच परत या. दुकानात कुणाला कळणारसुद्धा नाही. एकदा सेट केलं की पुन्हा बघायची गरज नाही.

यात एक गोष्ट बरोबर आहे, ती आधी मान्य करून टाकतो. लाइन चालू आहे का हे राउटरच्या दिव्यावरून ठरवता येत नाही. बाहेर फायबर तुटली तरी भिंतीवरचा फायबरचा डबा आणि राउटर यांच्यातली केबल शाबूत असते. दिवा हिरवाच राहतो, राउटर बिनघोर त्याच लाइनवर सगळं पाठवत राहतो. नुसत्या डब्याला पिंग केलं तरी तो उत्तर देतोच. तेव्हा पलीकडच्या एखाद्या पत्त्यापर्यंत पोचता येतंय का हे तपासायचं आणि त्यावर वाट बदलायची, ही कल्पना चांगली आहे. मोठ्या बँकांच्या शाखांतही हेच चालतं.

पण मेसेजात लिहिलंय तसं केलं तर काय होतं ते बघा. राउटरकडं बाहेर जायच्या दोन वाटा असतात: नेहमीची फायबरची, आणि ती नसेल तरच वापरायची सिमची, म्हणजे मोबाइल इंटरनेटची. फायबर तुटली, ८.८.८.८ कडनं उत्तर येईना, राउटरनं सिमची वाट धरली. इथवर ठीक. पुढचा पिंग मात्र आता सिमवरनंच जातो, कारण तो फायबरवरनंच गेला पाहिजे असं राउटरला कुणी सांगितलेलंच नाही. सिमवरनं उत्तर आलं. राउटर समजला, फायबर सुधारली. परत फायबर. परत उत्तर नाही. परत सिम. दाजींच्या राउटरचा लॉग, म्हणजे त्यानं ठेवलेल्या नोंदी, उघडला तर पानंच्या पानं हेच: डाऊन, अप, डाऊन, अप, मध्ये जेमतेम एक-दोन सेकंद. दर बदलाला बाहेर दिसणारा आयपी पत्ता बदलतो, म्हणून बँकेचं पोर्टल दर वेळी बाहेर काढत होतं. सेटिंग केलंच नसतं तर दाजींनी केबल काढून सिमच्या राउटरला लावली असती आणि पाच मिनिटांत काम सुरू झालं असतं. मेसेजानं ती सोयही घालवली.

यावर अर्धवट माहितीचा एक उपाय सांगतात, तोही धोक्याचा. ८.८.८.८ ची वाट कायमची फायबरवर बांधून टाका, म्हणतात. पिंग बांधायचा हे योग्यच. पण हाच पत्ता बऱ्याच दुकानांत डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) म्हणूनही टाकलेला असतो. फायबर तुटली की सगळं सिमवर जातं, नाव शोधायचे प्रश्न तेवढे तुटलेल्या फायबरवर जाऊन मरतात. एकही साइट उघडत नाही. तपासणीचा पत्ता आणि डीएनएसचा पत्ता वेगळा ठेवा. शिवाय बांधलेल्या वाटेमागं एक ब्लॅकहोल वाट (जिच्यावर आलेलं सगळं तिथंच टाकून दिलं जातं) ठेवा, नाहीतर केबलच निघाली की पिंग गुपचूप सिमवरनं निघतो आणि तोच फेरा सुरू होतो.

आता एकाच पत्त्यावर सगळं सोपवण्याबद्दल. ‘एवढी मोठी कंपनी कधी बंद पडत नाही’ हे मेसेजातलं वाक्य सरळ खोटं आहे. १४ जुलै २०२५ ला क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ ही डीएनएस सेवा जगभरात ६२ मिनिटं बंद पडली. आपल्याकडं तेव्हा १५ जुलैची पहाट होती, ३:२२ ते ४:२४. कारण कंपनीनंच जाहीर केलं: त्यांच्या स्वतःच्या सेटिंगमधली चूक, तिच्यामुळं त्या पत्त्याकडं जाणारे मार्गच इंटरनेटवरून काढले गेले. लोकांच्या लाइन धडधाकट होत्या. तरी ज्या राउटरला फक्त १.१.१.१ ला विचारायला शिकवलेलं, त्याच्या लेखी लाइन मेलेली. दोन्ही लाइनची तपासणी त्याच पत्त्यावर असेल तर दोन्ही मेलेल्या, आणि चांगलं इंटरनेट असून दुकान बंद! म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे पत्ते घ्या आणि सगळेच गप्प झाले तरच लाइन गेली असं धरा.

एका चुकलेल्या पिंगवर लाइन बदलणं हाही तसलाच उतावीळपणा. सिस्को कंपनीच्या राउटरमधल्या आयपी एसएलए या लाइन तपासायच्या सोयीत, आपण काही बदललं नाही तर, दोन तपासण्यांमधलं अंतर ६० सेकंदांचं असतं. ते दुकानासाठी जास्त आहे, हे कबूल. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरची गेटवे (लाइनवरचा पुढचा टप्पा) तपासणी दर १० सेकंदांनी होते आणि दोनदा उत्तर चुकल्याशिवाय गेटवे बाद होत नाही. हे वागणं शहाण्यासारखं आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पुराची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट अशी वेगळी का ठेवलीय, हे सांगलीकराला सांगायला नको. पाणी उतरायला लागलं की त्याच मिनिटाला कुणी सामान घेऊन घरी परतत नाही. इथंही तसंच: लाइन सोडायला पंधरा-वीस सेकंद थांबा, परतायला दोन-तीन मिनिटं.

‘कुणाला कळणारसुद्धा नाही’ हे तर नाहीच. चालू जोडण्या तुटतात. इंटरनेटवरचा फोन असेल तर राउटर त्या जोडणीची जुन्या लाइनवरची नोंद धरून बसतो आणि ती पुसेपर्यंत फोन मुकाच राहतो. घरनं दुकानाचा कॅमेरा बघत असाल तर सिमवर तो बहुतेक दिसणार नाही.

दोन कंपन्यांचं म्हणाल तर दोन्ही फायबर एकाच खांबावरनं येत असतील तर एकच जेसीबी पुरतो. एक फायबर, एक सिम, हे बरं.

आणि ‘पुन्हा बघायची गरज नाही’ म्हणणाऱ्यानं चाचणी कधी केलेली नसणार. डब्याची वीज बंद करून चाचणी होत नाही. त्यानं दिवा जातो, आणि दिवा गेल्यावर कुठलाही राउटर वाट बदलतो. डब्यात शिरणारी फायबरची बारीक पिन काढा, राउटरची केबल तशीच राहू द्या. सिमवर गेल्यावर बँकेचं पोर्टल उघडून दहा मिनिटं काम करा, लॉगमध्ये बदलाची एकच नोंद आहे ना ते बघा. मग पिन परत लावा आणि राउटर फायबरवर परततोय का तेही बघा. सौदे नसतील त्या दिवशी करा.