धातू पारदर्शक होतो तो कणांमधल्या फटीमुळे

मेटामटेरियल म्हणजे अतिसूक्ष्म रचनेमुळे लहरींना वेगळे वागायला लावणारे कृत्रिम पदार्थ; त्यांच्यावरचा एक लेख वाचून हे लिहीत आहे. ७५ टक्क्यांहून अधिक धातू असलेली सूक्ष्मकणांची रचना अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशासाठी जर्मेनियम या अर्धवाहकापेक्षाही पारदर्शक ठरू शकते, हे २०१९ मधले संशोधन त्या लेखात छान मांडले आहे. मात्र ‘धातूचा गुणधर्म बदलला’ हे लेखातील विधान मला पटत नाही. धातू तोच राहतो. कण तरंगलांबीपेक्षा कितीतरी लहान आणि एकमेकांना न चिकटलेले असल्यामुळे इलेक्ट्रॉन आपापल्या कणातच अडकून पडतात, सलग प्रवाह वाहू शकत नाही आणि प्रत्येक कण एखाद्या मोठ्या अणूसारखा वागू लागतो. कण चिकटले, की हीच रचना पुन्हा आरशासारखी होते. म्हणून माझ्या मते सगळे महत्त्व त्या फटीला आहे.

पारदर्शकता ही तरंगलांबीनुसार ठरते, हे उष्णतेचा अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्यातून फार सुंदर दिसते. खिडकीच्या काचेमागे धरलेला हात त्यात दिसतच नाही, पण कचऱ्याच्या पातळ काळ्या पिशवीमागचा हात बोटांसकट स्पष्ट दिसतो.

टेराहर्ट्झ क्षेत्रातील, म्हणजे अवरक्त प्रकाश आणि सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) यांच्या मधल्या लहरींची, अडचण वेगळी आहे. तिथे शुद्ध सिलिकॉन प्रकाश फारसा शोषत नाही, पण त्याचा अपवर्तनांक सुमारे ३.४ असल्याने प्रत्येक पृष्ठभागावर जवळजवळ ३० टक्के ऊर्जा परावर्तित होते. पृष्ठभागावर तरंगलांबीहून लहान खाचा कोरून हे परावर्तन कमी करता येते.

आणखी एक नोंद आवर्जून करतो: जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ मध्येच पिळलेल्या तागाच्या जुड्यांनी विद्युतचुंबकीय लहरींचे ध्रुवण (कंपनाची दिशा) फिरवून दाखवले होते. मेटामटेरियलच्या इतिहासात त्यांचा उल्लेख लेखात हवाच होता.