मूल क्लासमध्ये, आई-बाबा गाडीत

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मुलांच्या फिटनेसचा विषय निघाला की गाडी ठरलेल्या स्टेशनांवरून जाते. पीटीचा तास गणिताच्या सरांनी घेतला, मैदानावर इमारत आली, मोबाइलने वाट लावली. सगळं खरं. सीबीएसईने २०१८ मध्ये नववी ते बारावीला रोज खेळाचा तास सक्तीचा केला, २०१९ मध्ये ‘फिट इंडिया’ सुरू झालं. पण सहा वर्षांचं पोर परिपत्रक वाचत नाही, ते आई-बाबांकडे बघतं. आणि ते तर त्याला स्केटिंगला सोडून गाडीत एसी लावून रील्स बघत बसलेले!

मी राहते त्या नेदरलँड्समध्ये उन्हाळ्याच्या तोंडावर ‘आवोंडफीरदाखसे’ असते. ओळीने चार संध्याकाळी शाळकरी मुलं पाच किंवा दहा किलोमीटर चालतात, सोबत आई नाहीतर बाबा. पहिला नंबर नसतो, चारही दिवस चालणाऱ्या प्रत्येकाला पदक. अर्ध्या लिंबात पेपरमिंट खोचून ते चोखत, गाणी म्हणत वरात निघते. मध्येच एखादं पोर फतकल मारून बसतं. बाप त्याला उचलून घेत नाही. बुटाची नाडी बांधून देतो, इकडचं-तिकडचं बोलतो, आणि जरा वेळाने दोघं पुढे निघतात. ‘चल, पोट सुटलंय तुझं’ असं काही कानावर येत नाही.

माझं खरं भांडण त्या वाक्याशी आहे. ‘दुसरा लाडू घेतलास ना, मग मार दहा चकरा.’ आरशासमोर आई रोज ‘केवढी जाड झालेय मी’ म्हणते, तेही पोर ऐकतंच. हालचाल म्हणजे शिक्षा आणि शरीर म्हणजे लाज, एवढं त्याला नीट कळतं.

डच पालक काही सद्गुणांचे पुतळे नाहीत. सायकलींना वेगळे रस्ते आहेत, कितीतरी आया अर्धवेळ नोकरी करतात. (शाळकरी पोरांच्या फॅटबाईकवरून, म्हणजे जाड टायरच्या इलेक्ट्रिक सायकलींवरून, इथेही वाद पेटलेलेच आहेत.) लोकलला लटकून घरी आलेल्या आईला ‘मुलांपुढे आदर्श ठेवा’ असं इथून सांगणं हा निव्वळ आगाऊपणा.

तरी जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांकडून मागते ती आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम जोराची हालचाल, म्हणजे दिवसाला वीस-बावीस मिनिटं. पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० लागतात, त्यातली आपली वीस त्यांच्यासोबत सहज होतील. लिफ्ट सोडून जिना. भाजीला चालत, तेही जरा झपाझप, आणि एक पिशवी पोराच्या हातात. फूटपाथच नसेल तर मात्र नगरसेवकाच्या दारात जाऊन बसावं लागेल. तिथेही मुलांना चालतच न्या.