माझा हातगुण

१ मे शुक्रवारी आला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. सलग तीन दिवस सुटी मिळाली की शहाणा नागपूरकर चिखलदऱ्याला पळतो. आम्हाला तिथं खोली मिळाली नाही. (मी ती गुरुवारी रात्री शोधायला बसलो होतो, हा भाग बायको येईल त्या पाहुण्याला सांगते.) मग घरामागच्या फुलांच्या वाफ्यांकडे बघायचं ठरवलं. मे महिन्यात. ज्या गावात लोकांना उन्हात ताटकळावं लागू नये म्हणून दुपारी चौकातले सिग्नलसुद्धा बंद ठेवतात, त्या गावात.

माझ्या या उत्साहाचं मूळ होतं मोगरा. वाफ्यातले गुलाब खंगलेले, शेवंतीचे नुसते बुडखे उरलेले, पण कूलरच्या खिडकीखालचा मोगरा असा फुलायचा की देवाला वाहून, माळून, वर ओंजळभर शेजारी जायचा. कुणी विचारलं की मी तळहात दाखवून म्हणायचो, "हातगुण!" त्याला मी शेवटचं पाणी कधी घातलं होतं, ते मात्र आठवत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सहाला खुरपं घेऊन उतरलो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, हे शाळेत शिकलो होतो. आकसली की तिच्या भेगांत हवाई चप्पल टाचेपर्यंत जाते, हे त्या दिवशी शिकलो. तिसऱ्या घावाला खुरप्याची मूठ माझ्या हातात राहिली आणि पातं मातीत. मग सब्बल आणली. फुलझाडांसाठी सब्बल वापरणारा माणूस लांबून विहीर खणत असल्यासारखा दिसतो. कुंपणापलीकडून शेजारच्या काकांनी विचारलंच, "काय करून राहिले जी? बोअर घेता का?"

काका कृषी खात्यातून निवृत्त झालेले. सल्ला फुकट देतात, पण थांबवायला फार कष्ट पडतात.

त्या कोरड्याठाक जमिनीत एकच वनस्पती हिरवीगार होती: लव्हाळा. एक काडी उपटली की खाली गाठ, गाठीला दोरा, दोऱ्याला पुढची गाठ. मी त्या दोऱ्याचा माग काढत जास्वंदीपासून तुळशीवृंदावनापर्यंत गेलो, तिथं तो फरशीखाली शिरला. गाठ मागे राहिली की पुन्हा उगवणार, असं काका म्हणाले. मागे राहिल्या असतील चाळीसेक.

साडेआठलाच पाठ भाजू लागली. बायकोनं आपला दुपट्टा माझ्या डोक्यातोंडाभोवती गुंडाळून दिला. आईनं ऊन लागू नये म्हणून पँटच्या खिशात कांदा कोंबला. २०१३ च्या मे महिन्यात इथं ४७.९ अंशांची नोंद झाली होती. तेव्हापासून आम्ही नागपूरकर ४४ ला "आज जरा बरं आहे" म्हणतो. मीही तेच म्हणालो आणि पायरीवर बसलो तो उठलो नाही. तीन ग्लास पन्हं पोटात गेल्यावर मला बायकोचं नाव आठवलं.

दुपारी खिडकीतून पाहिलं तर जास्वंदीनं माना टाकलेल्या. पाइप घेऊन धावलो. नळातून आलेलं पहिलं बादलीभर पाणी असं होतं की त्यात चहापत्ती टाकायचीच काय ती बाकी होती.

"काहून भाजता तिला?" काका ओरडले. या माणसाला दुपारची झोप नाही. मग कुंपणावरून शिकवणी. कडक उन्हात पानांतून पाणी उडून जातं, तेवढ्या वेगानं मुळं ते वर पोचवू शकत नाहीत, म्हणून ओल असली तरी झाड मान टाकतं. संध्याकाळी उठून उभं राहिलं की समजायचं, काही झालं नव्हतं. "पण सकाळीही पडलेलंच दिसलं, तर मात्र ते खरं तहानलं आहे बरं का."

जास्वंद संध्याकाळी खरोखर उठली. मला कुणी उठवलं नाही.

शनिवारी इतवारीतून हिरवी जाळी आणून चार बांबूंवर ताणली. पहिल्याच वावटळीत ती सुटून काकांच्या पपईवर गेली. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. पण बाहेर काही जमत नाही म्हटल्यावर हात शिवशिवत होते, म्हणून भर दुपारी घरातलं एक काम उरकलं. कूलर गळायचा. टाकीचा तळ गंजून एका कोपऱ्यातून थेंब थेंब पाणी जायचं आणि बायको दोन वर्षं त्यावरून बोलत होती. प्लग काढला, टाकी रिकामी केली, तळ खरवडून वाळवला आणि डांबराचा जाड थर दिला. एक थेंब गळेना. तीन दिवसांत यशस्वी झालेलं हे एकमेव काम. बायकोनं चहा दिला, तोही मागायच्या आधी.

रविवारी दुपारी मोगऱ्यानं मान टाकली. मी हसलो. मला आता शास्त्र माहीत होतं. संध्याकाळीही तो पडलेलाच होता. थकला असेल, म्हटलं. एवढा फुलतो बिचारा.

सोमवारी सकाळी ऑफिसला निघण्याआधी पाहिलं. पानं लोंबलेली, कळ्या तपकिरी. आईला देवासाठी सदाफुली तोडावी लागली. मी बुंध्याशी बसलो. माती खडखडीत. वर पाहिलं तर बरोबर डोक्यावर कूलरचा तो कोपरा, काळाभोर, चकचकीत, माझ्या हातानं बुजवलेला. दोन वर्षं तिथून दिवसरात्र ठिबक सिंचन चालू होतं, तेही सरकारी अनुदानाशिवाय, आणि मी लोकांना तळहात दाखवत होतो.

कुंपणापलीकडे काका दात घासत उभे होते. त्यांनी मोगऱ्याकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा काही बोलले नाहीत. ते फार लागलं.

मोगऱ्याला दोन बादल्या पाणी ओतलं. मग हत्यारांच्या डब्यातून एक खिळा काढला, कूलरचा प्लग काढला आणि डांबरात हलकेच भोक पाडलं. टप्. थोड्या वेळानं पुन्हा टप्.

आतून आवाज आला, "अहो, कूलर परत गळतोय का?"

"छे! डांबर लावलंय ना," म्हणत मी खिळा पँटच्या खिशात लपवला. खिशात शुक्रवारचा कांदा होता. त्याला कोंब फुटला होता.