‘महिनाभरात दत्तक भावंड सापडेल’ : एका फिरत्या संदेशाला उत्तर

दत्तक गेलेल्या बहीण-भावंडांचा शोध घेऊ पाहणाऱ्यांसाठी म्हणून एक संदेश सध्या बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा : रक्ताच्या भावंडाचा पत्ता मिळणे हा तुमचा कायदेशीर हक्क आहे, संस्था देत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, तेवढ्याने भागले नाही तर डीएनए चाचणी करा आणि लहानपणीचा फोटो सगळ्या गटांवर पाठवा, महिनाभरात भेट होईल. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, परंतु सर्वांत मोठी चूक त्याच्या पहिल्याच वाक्यात आहे.

मुळांचा, म्हणजे आपल्या जन्मघराचा, शोध घेण्याची मुभा २०२२ची दत्तक नियमावली देते, ती दत्तक गेलेल्या व्यक्तीला. वयाची १८ वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती स्वतः ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे अर्ज करू शकते आणि त्याहून लहान असल्यास दत्तक आई-वडिलांसह करू शकते. त्रयस्थाने केलेल्या शोधाला मात्र त्याच नियमावलीत परवानगी नाही. याचा अर्थ, ज्या थोरल्या बहिणीने त्या बाळाला कडेवर खेळवले आणि जी जन्मघरीच राहिली, ती नियमाच्या लेखी त्रयस्थ ठरते. दोघेही वेगवेगळ्या घरी दत्तक गेले असतील, तर प्रत्येकाला स्वतःच्या मुळांबद्दल विचारता येते. दुसऱ्याच्या दत्तक घराचा पत्ता तरीही मिळत नाही. हे कठोर आहे, असे मलाही वाटते. पण दाराशी अचानक उभ्या राहिलेल्या बहिणीमुळेच आपण दत्तक आहोत हे एखाद्याला प्रथम कळावे, ही शक्यता संदेश लिहिणाऱ्याने विचारात घेतलेली दिसत नाही.

या संदेशावर काहींनी ‘दत्तक झाले की रक्ताचे नाते संपलेच’ असे उत्तर दिले आहे, तेही अर्धेच खरे आहे. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम १२ प्रमाणे, जन्मघरी राहिले असते तर ज्यांच्याशी विवाह निषिद्ध ठरला असता, त्यांच्याशी दत्तक गेल्यावरही विवाह करता येत नाही. कायदा ते नाते विसरत नाही. फक्त त्याला भेटीगाठींपेक्षा सोयरीकीची काळजी अधिक आहे.

माहिती अधिकाराचा उपाय इथे जवळपास निरुपयोगी आहे. अनेक दत्तक संस्था खासगी न्यासांच्या आहेत, आणि जी कागदपत्रे सरकारी कार्यालयांत असतात त्यांना खासगीपणाची तरतूद आडवी येते. बाल कल्याण समितीपुढील बालकासंबंधीचे अहवाल तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९९ नुसार गोपनीयच असतात. महापालिकेच्या जन्मनोंदीत जुने नाव धुंडाळूनही हाती फारसे लागत नाही, कारण दत्तकविधानानंतरच्या जन्मदाखल्यावर आई-वडील म्हणून दत्तक पालकांचीच नावे येतात.

डीएनए चाचणीने भावंडे सापडतात, हे खरे आहे. परंतु दुसऱ्या भावंडाने त्याच कंपनीकडे नमुना दिलेला असेल तरच. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मा डीएनए समान असतो, त्यामुळे ते नाते सहसा ओळखता येते. आई किंवा वडील यांपैकी एकच समान असलेल्या सावत्र भावंडांत तो सुमारे एक चतुर्थांश असतो आणि तेवढाच काका-पुतण्यातही असतो, तेव्हा केवळ आकड्यावरून कोणाला भाऊ म्हणणे घाईचे ठरते.

फोटोबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. चार महिन्यांच्या बाळाच्या फोटोवरून तिशीतला माणूस ओळखू येत नाही, आणि भावंड अजून अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचे, असेल तर त्याची ओळख चारचौघांत उघडी पाडणे हे त्याच्यावर अन्याय करणारे आहे, शिवाय ते कायद्याच्या कचाट्यात सापडण्याजोगेही आहे.

मग थोरल्या बहिणीने काय करावे? इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९१ पासून एक सरकारी नोंदवही आहे, जिच्यात दत्तक गेलेली व्यक्ती आणि तिचे जन्मघरचे नातेवाईक आपापली भेटीची इच्छा नोंदवू शकतात. आपल्याकडे तशी सोय नाही, म्हणून तेच काम पत्राने करावे लागते. बाळ ज्या संस्थेत सोपवले गेले तिथे, आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षातही, पत्र देऊन ते त्या बाळाच्या फाइलला जोडण्याची विनंती करावी आणि पोच घ्यावी. संस्थेने ते जोडलेच पाहिजे, अशी सक्ती मला नियमांत आढळलेली नाही. पण पत्ता मागणाऱ्याला नाही म्हणणाऱ्या संस्थेलाही माहिती देणाऱ्याला नाही म्हणण्याचे कारण उरत नाही. बाळ रुग्णालयाच्या ओट्यावर किंवा स्थानकावर सापडलेले असेल, तर फाइलमध्ये घरच्यांचे नावच नसते आणि बाळाचे नावही संस्थेनेच ठेवलेले असते. अशा वेळी बहिणीला आठवणारी तारीख, जागा, दुपट्याचा रंग, अंगावरची एखादी खूण आणि घरात हाक मारायचे नाव हाच, भाऊ कधी मुळांचा शोध घेत आला तर, त्याला जोडणारा दुवा ठरतो. पत्रात हे सगळे लिहावे, खाली फोन क्रमांक द्यावा आणि तो बदलला की नवे पत्र नेऊन द्यावे.